फिनॉल खाणारे, फिनॉलने मरणारे

एअरेशन टाकीच्या मीटरवर विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा एकाएकी चढू लागला, की रासायनिक वसाहतीतल्या सांडपाणी केंद्राचा जाणता ऑपरेटर धास्तावतो. ब्लोअर तेवढीच हवा देतोय, मग ऑक्सिजन उरतो कसा? कारण तो वापरणाऱ्यांनी खाणं सोडलेलं असतं. टाकीतल्या तपकिरी गाळातले जिवाणू सेंद्रिय घाण फस्त करताना ऑक्सिजन वापरतात. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी १९१४मध्ये मँचेस्टरला मांडलेली ही पद्धत. डोंबिवली, तारापूर, लोटे इथल्या सामायिक केंद्रांची भिस्तही जिवाणूंवरच.

कारखान्यांच्या पाण्यातली काही रसायनं या जिवाणूंना अन्नही ठरतात आणि विषही. फिनॉलचंच बघा. थोडं असेल तर स्यूडोमोनाससारख्या जिवाणूंना ते चक्क अन्न. आधी त्याचं कॅटेकॉल करायचं, मग सहा कार्बनांचं कडं फोडायचं, की उरलेले तुकडे नेहमीच्या चयापचयात खपतात. प्रमाण वाढलं की मात्र तेच फिनॉल पेशीच्या स्निग्ध आवरणात घुसतं, आवरण गळू लागतं आणि खाण्याचा वेग घटतो. वेग घटल्यामुळे टाकीत आणखी फिनॉल साचतं, आणि त्याने वेग आणखी घटतो.

तरी पहिला बळी बहुधा या फिनॉल खाणाऱ्यांचा जात नाही. तो जातो नायट्रोसोमोनासचा, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट करणाऱ्या जिवाणूंचा. हे मुळातच सावकाश वाढणारे. टाकीत त्यांची संख्या दुप्पट व्हायला एखादा दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. शिवाय त्यांच्या मुख्य विकराला तांबं लागतं, आणि थायोयुरियाच्या कुळातली रसायनं नेमकं तेच पकडून ठेवतात. अ‍ॅलिलथायोयुरिया तर प्रयोगशाळेत बीओडी (घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) मोजताना या जिवाणूंना गप्प बसवण्यासाठी मुद्दाम घालतात. लिटरमागे दोन मिलिग्रॅम पुरे! म्हणूनच नुसता सीओडी (घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा ऑक्सिजन) पाहून केंद्र ठणठणीत ठरवणं मला पटत नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्यातला अमोनिया आधी चुगली करतो.

विष हळूहळू वाढवत नेलं तर गाळ सरावतो. ते पचवणाऱ्या जिवाणूंचं त्यात प्राबल्य होतं. झेपत नाही तो अचानक आलेला लोंढा. समानीकरण टाकी असते ती यासाठीच: निरनिराळ्या कारखान्यांचं पाणी तिथे मिसळतं आणि पुढे बेताने सोडलं जातं. तिला वळसा घालून रात्री एखादा टँकर थेट गटारात रिकामा झाला आणि गाळ मेला, तर दुसऱ्या केंद्राचा जिवंत गाळ आणून टाकता येतो. सीओडी त्याने लवकर सावरतो; अमोनियाचा आकडा जागेवर यायला मात्र कित्येकदा आठवडे जातात.