रोच ओळखायचा कसा?

युरोपातल्या नद्या, तळी आणि संथ कालव्यांमध्ये सर्रास आढळणारा रोच हा गोड्या पाण्यातला मासा आपल्याकडच्या रोहू-कटल्यासारखाच कार्पच्या गोतावळ्यातला. शास्त्रीय नाव रुटिलस रुटिलस. लॅटिनमध्ये रुटिलस म्हणजे तांबूस. अंग मात्र चंदेरी असते, पाठ निळसर काळपट. तांबडेपणा दिसतो तो पोटाकडच्या परांत आणि डोळ्यांच्या कड्यात. लांबी बहुधा वीतभर, क्वचित फूटभर.

रंगावर विसंबणारा हमखास फसतो, कारण रड नावाच्या माशाचे पर याहून भडक असतात. आयर्लंडमध्ये तर रोच मुळात नव्हताच, तो १८८९ मध्ये बाहेरून आला. तोवर तिथे रडलाच रोच म्हणत. खरी खूण तोंडाची. रड पाण्याच्या पृष्ठभागावरचे किडे टिपतो, म्हणून त्याचा खालचा जबडा पुढे येऊन तोंड वर वळलेले असते. रोचचा वरचा ओठ किंचित पुढे असतो. दुसरी खूण पाठीवरच्या पराची. रोचमध्ये तो पोटावरच्या परांच्या जवळजवळ बरोबर वर सुरू होतो, रडमध्ये बराच मागे.

रोच थव्याने राहतो. पिल्ले पाण्यातले सूक्ष्म जीव टिपतात; मोठ्यांना गोगलगायी, किड्यांच्या अळ्या, शेवाळ, पाणवनस्पती, काहीही चालते. पाइक, पर्च, बगळे आणि पाणकावळे त्याच्या मागावर असतात. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या काही तळ्यांतले रोच हिवाळ्यात त्या तळ्यांना मिळणाऱ्या ओढ्यांत जातात. तिथे खाणे कमी, पण शिकारी मासेही कमी; थंडीत भूक मंदावलेल्या माशाला हा व्यवहार परवडतो.

वीण वसंताच्या अखेरीस होते. नरांच्या अंगावर तेव्हा बारीक पांढरे कण उठतात आणि अंग खरखरीत लागते. मादी चिकट अंडी पाणवनस्पतींना चिकटवते. त्याच जागी, त्याच सुमारास रड आणि ब्रीमही अंडी घालत असतील, तर संकर होतो. अशा मिश्र माशात दोन्हीकडच्या खुणा उतरतात आणि वरवर पाहून निवाडा होत नाही. मग घशातले दात तपासावे लागतात: रोचमध्ये त्यांची प्रत्येक बाजूला एकच ओळ असते, रडमध्ये दोन.