इजा कोणत्या वस्तूमुळे झाली, याची नोंद का हवी?

शेतीच्या यांत्रिकीकरणाबरोबर मळणीयंत्र, कडबाकुट्टी, फवारणी पंप व विजेची मोटार ही साधने गावोगावी पोहोचली आहेत. त्यांच्यापासून होणाऱ्या इजाही शेतकरी बंधूंना नवीन नाहीत. असा रुग्ण दवाखान्यात गेला की केसपेपरवर बहुधा ‘उजव्या हाताची दोन बोटे तुटली’ एवढेच लिहिले जाते. उपचारासाठी तेवढे पुरते. परंतु यंत्र कोणते होते, त्याच्या तोंडावर झाकण होते काय, पट्ट्यावर जाळी होती काय, हे कोठेच उतरत नाही आणि पुढील हंगामात त्याच बनावटीचे यंत्र दुसऱ्या खळ्यावर उभे राहते.

ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस एक पद्धत बसविण्यात आली. तेथे १९७२ साली ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा कायदा झाला व त्याखाली एक स्वतंत्र आयोग नेमला गेला. या आयोगाची इजा-नोंदणी सुमारे १०० रुग्णालयांवर आधारलेली आहे. अपघात विभाग असलेली रुग्णालये त्या देशात हजारोंनी आहेत. त्यांतून लहान, मध्यम, मोठी व केवळ मुलांची अशी प्रतवारी करून ही शंभर निवडली जातात. प्रशिक्षित कर्मचारी तेथील अपघात विभागाचे कागद वाचतो आणि रुग्णाचे वय, जखमेचा प्रकार, शरीराचा भाग व जागा यांबरोबर वस्तूचा सांकेतिक क्रमांक भरतो. जिन्याला १८४२, फरशीला १८०७ असे हे क्रमांक आहेत. शेवटी घटना कशी घडली हे एकदोन ओळींत लिहिले जाते. माझ्या मते सगळ्यात मोलाच्या याच ओळी होत.

शंभर रुग्णालयांवरून साऱ्या देशाचा अंदाज कसा बांधता येतो, असा प्रश्न पडेल. आपल्याकडील पीक कापणी प्रयोगात मंडळातील प्रत्येक शेत कापले जात नाही. ठरावीक रीतीने निवडलेल्या प्लॉटवरून मंडळाचे सरासरी उत्पन्न काढले जाते. येथेही तसेच आहे. समजा एक रुग्णालय आपल्यासारख्या पन्नास रुग्णालयांच्या वतीने निवडले गेले असेल, तर तेथील एक इजा पन्नास इजांच्या जागी धरतात. अर्थात क्वचित घडणाऱ्या अपघातांचा अंदाज अशा रीतीने कच्चाच राहतो. दोनचार नोंदींवरून काढलेला आकडा भरवशाचा नसतो.

आकडे वाचताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. या नोंदींत जिना, फरशी, खाट यांची संख्या फार मोठी असते. म्हणून खाट घातक ठरत नाही; ती घरोघर आहे व रोज वापरात आहे, एवढाच त्याचा अर्थ. नोंदीतील क्रमांक वस्तूचा इजेशी संबंध आला एवढेच सांगतो, दोष वस्तूचा की वापरणाऱ्याचा हे सांगत नाही. त्यासाठी निवडक घटनांची आयोगाचे तपासनीस वेगळी चौकशी करतात.

तरीही या नोंदींच्या आधाराने वस्तूच बदलल्याची उदाहरणे आहेत. हिरवळ कापण्याच्या ढकलयंत्राचे घ्या. अडकलेले गवत काढण्यासाठी माणूस हात घालतो, पाते फिरतच असते आणि बोटे जातात. ‘काळजी घ्या’ असे सांगून हे थांबत नव्हते. अखेर १९८२ पासून तेथे नियम लागू झाला की, दांड्यावरील पकड सुटताच पाते तीन सेकंदांत थांबले पाहिजे. दुसरे उदाहरण शेतावरही वापरल्या जाणाऱ्या जाड टायरच्या तीनचाकी वाहनांचे. १९८० च्या दशकाच्या मध्यास तीनचाकी व चारचाकी मिळून अशा वाहनांपासून होणाऱ्या इजांचा वार्षिक अंदाज ऐंशी हजारांच्या पुढे गेला. १९८८ मध्ये न्यायालयीन तडजोडीने उत्पादकांनी नव्या तीनचाकींची विक्री थांबविली.

आपल्याकडे हा विचार मुळीच झाला नाही असे नाही. मळणीयंत्रात हात तुटण्याचे प्रकार वाढल्यानंतर १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला. भारतीय मानकाप्रमाणे पेंढी सरकविण्याची पन्हळ किमान ९० सेंटीमीटर लांब असावी व त्यापैकी ४५ सेंटीमीटर भाग झाकलेला असावा. हाताची लांबी ध्यानात घेऊन ही मापे ठरली आहेत. खळ्यावर मात्र लवकर उरकावे म्हणून झाकण काढून ठेवलेले पुष्कळदा दिसते. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेकडून समन्वय होणाऱ्या अखिल भारतीय प्रकल्पात शेतीतील अपघातांची पाहणी गावोगावी फिरून केली गेली आहे. हे काम उपयुक्त असले तरी ते पाहणीपुरते राहते, रोजची नोंद होत नाही. त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागेल असेही मला वाटत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत ‘वस्तू अथवा यंत्र’ असा एक रकाना वाढविला तरी सुरुवात होईल.

कीटकनाशकांच्या बाबतीत तर कायद्याचा आधार पूर्वीपासून आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम २६ नुसार विषबाधेच्या घटना ठरावीक अधिकाऱ्यास कळविण्याची सक्ती राज्य शासन करू शकते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक जणांचे प्राण गेले. दोनतीन औषधे एकत्र करून फवारल्यामुळे नेमके काय अंगात गेले, हे ओळखणे अवघड होते. अशा वेळी डॉक्टरांनाही उपचाराची दिशा ठरविताना अडचण येते.

म्हणून अपघात झाल्यास प्रथम रुग्णास दवाखान्यात न्यावे, परंतु बरोबर जाणाऱ्याने पुढील तपशील सांगून केसपेपरवर लिहून घ्यावेत: यंत्राचे नाव व बनावट, त्यावरील पट्टीवरचा क्रमांक, कोणत्या भागात हात सापडला, झाकण अथवा जाळी होती की नव्हती. विषबाधा असल्यास औषधाची बाटली व माहितीपत्रक सोबत न्यावे. एकाहून अधिक औषधे मिसळली असल्यास सर्व बाटल्या न्याव्यात. बाटली फुटली असली तरी लेबल जपून न्यावे, कारण उताऱ्याचे नाव बहुधा त्यावरच छापलेले असते. केसपेपरची एक प्रत घरी ठेवावी. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली तालुका कृषी अधिकारी कार्यालयात अर्ज करावयाचा झाल्यास अपघात कसा घडला हे दाखविण्यास तीच प्रत कामी येते.