तंबूवरचे मिलिमीटर

आम्ही नवराबायको मुठा खोऱ्यातले, पावसाचं कौतुक आम्हाला नाहीच. पण ताम्हिणी उतरून दिवेआगरला तंबू ठोकला आणि परतीच्या पावसाने अख्खा दिवस आत कोंडलं. सकाळी छताला थेंब पाहून हिचा निष्कर्ष: "तंबू गळतोय!"

गळत नव्हता. बोट फिरवलं, तर थेंब फक्त आतल्या बाजूला. ही आपल्याच श्वासाची वाफ. गार कापडावर तिचं पाणी होतं. म्हणून वरच्या झडपा पावसातही थोड्या उघड्या ठेवायच्या.

तंबूवर ३००० मिमी लिहिलेलं असतं, त्याचा ताम्हिणीच्या पावसाशी संबंध नाही! कापडावर ३ मीटर उंच पाणी उभं केलं तरी झिरपणार नाही, एवढाच अर्थ. गुडघा टेकला की दाब खूप वाढतो, म्हणून तळाचं कापड जास्त मिमीचं हवं.

तंबूखाली अंथरलेलं प्लॅस्टिक बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर पाणी थेट अंथरुणाखाली येतं.

वाळूत खुंट्या टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून फूटभर पुरा. जागा भरतीच्या ओल्या रेषेपासून बरीच वर. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पण तंबू वाळलेल्या सुरूखाली नको, फांद्या पडतात.

तंबू घ्यायचाय? बजेट सांगा, कमेंटमध्ये बोलू.