कारच्या लेदर सीटची काळजी: आपण नक्की काय पुसतो?

२०२० मध्ये मी बाबांच्या कारची सीट रोज सॅनिटायझरने पुसायचो. काही महिन्यांनी फडक्यावर सीटचाच रंग यायला लागला आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड पांढरी पडली. बाबा काही बोलले नाहीत, फक्त जुना टॉवेल टाकून बसायला लागले. मला तेच जास्त लागलं. मग यामागचं कारण शोधलं, तेच आज सांगतो.

खरं लेदर

कारमधल्या बहुतेक लेदरवर रंगाचा थर असतो आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. म्हणजे आपला हात कातड्याला नाही, या कोटिंगला लागतो. मोबाईलच्या स्क्रीनवर बोटांचे डाग टिकू नयेत म्हणून पातळ कोटिंग असतं ना, तसंच काहीसं. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल हेच कोटिंग खराब करतं. खोबरेल तेलही आत मुरत नाही, वर चिकट राहून धूळ धरतं.

लेदरेट

आपल्याकडे अनेक गाड्यांत 'लेदर' म्हणून दिसतं ते असतं लेदरेट, म्हणजे कापडावर प्लास्टिकचा थर. तो पीव्हीसीचा असेल तर मऊपणा देणारी रसायनं उष्णतेने हळूहळू निघून जातात आणि सीट कडक होऊन तडकते. पीयूचा असेल तर दमट हवेत त्याचे पापुद्रे निघू शकतात. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

मग करायचं काय?

१. आधी व्हॅक्यूम करा. बारीक वाळू सँडपेपरसारखी कोटिंग घासते.
२. सौम्य लेदर क्लीनर फडक्यावर घ्या, हलक्या हाताने पुसा आणि लगेच कोरडं करा. व्हेंटिलेटेड सीटच्या छिद्रांवर थेट स्प्रे मारू नका.
३. नवीन जीन्सचा निळा रंग फिकट सीटला लागतो. डाग ताजा असतानाच पुसा.
४. गाडी सावलीत लावा, नाहीतर काचेला सनशेड लावा.
५. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर कोणतंही कव्हर चढवू नका. एअरबॅग उघडताना अडू शकते. आधी गाडीचं मॅन्युअल वाचा.

आमच्या सीटच्या कडेला शेवटी कारागिराकडून पुन्हा रंग मारून घेतला. टॉवेल आता डिकीत असतो. तुमच्या घरी कोणी सीटवर सॅनिटायझर मारत असेल, तर त्यांना हे आजच वाचायला द्या!