पांढुर्ण्याचा समुद्र

दिवाळीची सुटी जवळ आली की पांढुर्णा आणि सौंसर या गावांतील पुष्कळ घरांत एक प्रश्न हटकून निघतो. भूगोलाच्या पुस्तकात समुद्राचे चित्र पाहिलेले मूल विचारते, ‘आपण समुद्र बघायला केव्हा जायचे?’ आणि घरातील कर्ते पुरुष ‘पुढल्या वर्षी’ असे म्हणून वर्तमानपत्रात डोके घालतात. या उत्तरात लबाडी नसते, हिशेब असतो. नागपूरहून मुंबई रेल्वेने आठशे किलोमीटरांहून अधिक. तेथून कोकणातील एखादा किनारा गाठायचा, चार माणसांचे जाण्यायेण्याचे भाडे भरायचे, चार रात्रींची खोली घ्यायची, दोन्ही वेळचे जेवण विकत घ्यायचे. लहान शेतकऱ्याने किंवा शाळामास्तराने हे आकडे एकदा कागदावर मांडले की कागद घडी करून खिशात जातो. मूल मोठे होते, त्याला दाढीमिशा येतात, आणि समुद्र पुस्तकातच राहतो.

यावर एक तोड आहे. सुटी आपल्याच घरी मुक्काम ठेवून घालवायची. मात्र घरात बसून नव्हे. सकाळी शिदोरी न घेता निघायचे, दिवसभर हिंडायचे, रात्री आपल्याच अंथरुणावर येऊन पडायचे. मोठ्या शहरांतील माणसे आता अशा सुट्या आखू लागली आहेत. ‘शिदोरी न घेता’ हे शब्द येथे मुद्दाम घातले आहेत. घरच्या सुटीत घरच्या बाईने पहाटे उठून पुऱ्या तळायच्या आणि रात्री परत येऊन चूल पेटवायची, तर त्या सुटीत सुटी कोणाला मिळाली? भाड्याचे आणि खोलीचे पैसे वाचलेच आहेत. त्यांतील थोडे जेवणाकडे वळवावेत आणि ते चार दिवस स्वयंपाकघराला कडी लावावी. ही अट मान्य नसेल त्या घराने ही योजना हाती न घेतलेली बरी.

पण समुद्राचे काय? या दोन तालुक्यांच्या आसपास समुद्र शोधू लागले तर तो खरोखरच सापडतो. वाळू आणि लाटा नाहीत, हे कबूल. परंतु समुद्राकडे निघालेले पाणी येथे आहे आणि समुद्र येऊन गेल्याच्या खुणाही येथे आहेत.

प्रारंभ घराजवळच्या जाम नदीपासून करावा. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून वाहणारी ही नदी बाहेरच्या जगाला वर्षातून एकाच दिवशी आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पात्रात पळसाचे झाड रोवून दोन्ही काठांवरून दगडांचा मारा होतो. ती गोटमार म्हणजे पाहुण्यांना दाखवण्याची करमणूक नव्हे. तिच्यात शेकडो माणसे जखमी होतात, आणि आजवर कित्येकांचे जीवही गेले आहेत. पण नदीच्या नशिबी वर्षाचे बाकीचे दिवसही असतात. आश्विन-कार्तिकात पावसाचे गढूळ पाणी निवळलेले असते आणि धार अजून आटलेली नसते. अशा एखाद्या सकाळी मुलांना काठावर नेऊन कागदाची होडी सोडायला सांगावी आणि तिचा पुढचा प्रवास बोटाने जमिनीवर काढून दाखवावा. जाम कन्हानला मिळते, कन्हान भंडारा जिल्ह्यात वैनगंगेला. वैनगंगा पुढे वर्धेला भेटली की त्या दोघींची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते, आणि गोदावरी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरात. होडी पहिल्याच दगडाला अडकेल हे उघड आहे. पाणी अडकत नाही.

नदीवरून परतताना बाजारात पोहे खावेत. या भागात पोह्यांनाही दोन प्रांतांची चव आहे. नागपूरकडच्या रिवाजाने वर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओतून घेता येते आणि मध्य प्रदेशच्या रिवाजाने सोबत गरम जिलेबी. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची सीमा आखली गेली तेव्हा नागपूर एकीकडे गेले आणि हे मराठी तालुके दुसरीकडे राहिले. खाणाऱ्याने मात्र दोन्ही बाजूंचे ठेवून घेतले. ज्यांच्याने निवड करवत नाही ते दोन्ही मागवतात, आणि त्यात वावगे काही नाही.

दुसरा दिवस मुलताईसाठी राखावा. पांढुर्ण्याहून इटारसीकडे जाणाऱ्या, मुलताईला थांबणाऱ्या गाडीने गेल्यास प्रवास हाच निम्मा आनंद होतो, कारण तीगाव सोडले की चिचोंड्यापर्यंत गाडी सातपुड्याचा घाट चढते. खिडकीची जागा मुलांना द्यावी. घाटमाथ्यावरच्या मुलताई गावात कुंड आहे. तापी येथे उगम पावते अशी श्रद्धा असून गावाचे नावही तापीच्या मुळावरून पडले असे मानतात. येथून निघालेली तापी पश्चिमेची वाट धरते. मेळघाटाला वळसा घालून ती बऱ्हाणपूर आणि खानदेश ओलांडते आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. आता याच मुलताईच्या परिसरात वर्धा नदीही उगम पावते, आणि ती दक्षिणेला उतरून वर सांगितलेल्या प्राणहितेच्या मार्गाने पूर्वेच्या समुद्रात जाते. म्हणजे या माथ्यावर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांत काही कोसांचे अंतर असले, तर एक गुजरातेत पोचतो आणि दुसरा आंध्रात. जलविभाजक हा शब्द पुस्तकात पाठ करून विसरलेली मुले येथे उभी राहिली की तो पुन्हा विसरत नाहीत. कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहणाऱ्याला एकच समुद्र दिसतो. मुलताईच्या माथ्यावर एकही दिसत नाही; पण दोन्हींकडे पाठवायचे पाणी तेथे एकाच गावच्या शिवारात वाटले जाते.

मुलताईचा बाजार लहान आहे, तरी कचोरी, आलूबोंडा आणि चहा यांची वाण पडत नाही. हंगामात भाजलेले मक्याचे कणीसही मिळते. छिंदवाड्याकडे मका इतका पिकतो की त्या शहराने मक्याच्या नावाने उत्सवसुद्धा भरवले आहेत.

तिसऱ्या दिवशी सौंसर. पांढुर्ण्याहून हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर, आणि रस्त्याच्या दोहों बाजूंस संत्र्यांच्या बागा. दिवाळीची सुटी निवडण्याचे एक कारण येथे कळते. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेला आंबिया बहार ऑक्टोबरपासून तोडणीला येतो; पावसाळ्याच्या तोंडी फुललेल्या मृग बहाराची फळे त्यानंतर, फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत. मे महिन्यात आलेल्याच्या वाट्याला पाने आणि ऊन एवढेच येते, आणि येथले ऊन ही काही सहलीची वस्तू नव्हे. ओळखीच्या बागवानाच्या परवानगीने झाडाखाली बसून संत्रे सोलावे. ज्यांनी ते फक्त शहरातल्या हातगाडीवरून घेतले आहे त्यांना ते निराळे फळ वाटते. बाजारात याच दिवसांत सीताफळेही असतात.

सौंसरजवळ जाम सावळी येथे मारुतीचे देवस्थान आहे. पिंपळाच्या झाडाखाली पहुडलेली ही मूर्ती पाहण्यास दोन्ही राज्यांतून माणसे येतात. शनिवार-मंगळवारी गर्दी फार, म्हणून मुलांसह जाणाऱ्यांनी दुसरा वार पाहावा. मारुतीला रोडग्यांचा नैवेद्य हा नागपूर-वऱ्हाडाकडचा जुना रिवाज. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, त्यावर तूप, आणि सोबत वांग्याची तिखट भाजी. कोणाचा नवस फिटत असेल आणि पंक्तीला बोलावणे आले तर संकोच करू नये. एरवी रस्त्यावरच्या एखाद्या साध्या खानावळीत ज्वारीची भाकरी, भरीत किंवा पाटवडीचा रस्सा मिळतो का ते पाहावे. चकचकीत पाटीच्या ढाब्यापेक्षा, जेथे मालवाहू गाड्यांचे चालक आणि बाजारकरी जेवायला बसतात ती जागा सहसा चांगली असते.

सौंसरचे नाव मात्र एका अगदी वेगळ्या कारणाने जगभराच्या ग्रंथांत गेले आहे, आणि हे खुद्द सौंसरकरांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. भूवैज्ञानिक मध्य भारतातील एका प्राचीन खडकसमूहाला ‘सौंसर गट’ म्हणतात. बालाघाट, भंडारा, नागपूर आणि सौंसर या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत. ते मँगनीज या गटातच सापडते. त्याच्या शेजारी संगमरवर आहे. हे सारे एके काळी उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर बसलेले गाळ आणि चुनखडी होते; पुढे पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने आणि दाबाने त्यांचे रूप पालटले. हा समुद्र मासे, झाडे, प्राणी यांच्याही पूर्वीचा. त्याच्या काठी उभे राहून पाहायला कोणी नव्हते.

त्या मानाने चौथ्या दिवशीचा समुद्र कालचा म्हणावा लागेल. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट चढावा लागतो. पूर्वी नागपूर-छिंदवाडा ही अरुंद मापाची गाडी सौंसरवरून डोंगरात धापा टाकीत जात असे. २०१५ मध्ये ती बंद झाली आणि तिच्या जागी आता रुंद मार्ग आला आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा हा सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून छिंदवाडा शेजारचा जिल्हा झाला, परंतु त्याच्याशी असलेले नाते तेवढ्याने तुटलेले नाही. छिंदवाड्याच्या पूर्वेला मोहगाव कलान आणि झिलमिली ही गावे आहेत. सौंसरजवळचे मोहगाव हवेली, जेथे अर्धनारीश्वराचे देऊळ आहे, ते वेगळे. नावाच्या सारखेपणाने उलट दिशेच्या गाडीत बसू नये.

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाले त्या सुमारास, या प्रदेशावर लाव्हाचे लोटामागून लोट येत होते. दोन लोटांच्या मध्ये शतके जात; तेवढ्यात तळी साचत, झाडे वाढत, फुलत, फळत. मग नवा लोट येई आणि सारे झाकून टाकी. गाळात पडलेल्या फळाफुलांत गारेचे द्रव्य झिरपून त्यांचा दगड झाला, आणि तोही इतका हुबेहूब की सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजता याव्यात. १९३७ मध्ये बिरबल साहनी आणि के. पी. रोडे यांनी मोहगाव कलानच्या या वनस्पतींवर लिहिले, तेव्हापासून जगभरचे अभ्यासक या गावाला ओळखतात. या वनस्पतींत निपा नावाच्या ताडाचे फळ निघाले. निपा आजही जिवंत आहे. ती सुंदरबनात आणि अंदमानात, भरतीचे खारट पाणी आत येते अशा खाडीच्या चिखलात वाढते आणि तिची फळे पाण्यावर तरंगत जातात. नागपूरच्या विज्ञान संस्थेत वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शामला चितळे यांनी १९६० साली मोहगावच्या निपाफळाविषयी लिहिले. पुढे त्या अमेरिकेत क्लीव्हलँडच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात गेल्या, आणि तेथूनही त्यांनी मोहगावचे दगड सोडले नाहीत.

एका ताडावरून समुद्र सिद्ध होत नाही, अशी शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. परंतु २००९ साली गेर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय व परदेशी सहकाऱ्यांनी झिलमिलीच्या थरांतून फोरामिनिफेरा या सूक्ष्म कवचधारी जीवांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील काही जाती समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या. त्यांच्या जोडीला गोड्या आणि मचूळ पाण्यातील जीवही निघाले, म्हणजे नदीमुखासारखी, कधी खारी कधी गोडी अशी ही जागा असली पाहिजे. समुद्राचा एक फाटा आजच्या नर्मदा-तापीच्या खोऱ्यांतून आत शिरला असावा, असा त्यांचा तर्क आहे. हा मार्ग सर्वांनाच मान्य नाही. पण खाऱ्या पाण्याची चाहूल येथे लागली होती, एवढे त्या कवचांनी नोंदून ठेवले आहे.

जाणाऱ्याने तेथे फलक, तिकीटघर, उपाहारगृह यांची अपेक्षा ठेवू नये. शेते आहेत, बांध आहेत, आणि मातीत गारगोटीच्या जातीचे कठीण दगड आहेत. शेतात शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे. शेतकरी हसेल, कारण दगड बघायला इतक्या लांबून आलेले कुटुंब त्यालाही नवीनच असते. मग तोच एखादा तुकडा पुढे करील. तो उन्हात धरून निरखावा, मुलांच्या हाती द्यावा, आणि निपा वाढते त्या खाडीचे वर्णन त्यांना तेथेच करून सांगावे. जेवणासाठी छिंदवाडा शहर गाठावे. वेळ उरल्यास बादल भोई यांच्या नावाचे आदिवासी संग्रहालय पाहावे. १९५४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाला आता नवी इमारतही मिळाली आहे.

परतीची गाडी अंधार पडण्याच्या आत पकडलेली बरी, घाटात वेळ लागतो. निघण्यापूर्वी मुलांचे खिसे मात्र एकदा तपासावेत आणि त्यांत दगड निघाले तर ते ज्या बांधावरून उचलले त्याच बांधावर ठेवून यायला लावावे.