दोनदा जळलेला वाडा

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अगदी दक्षिणेला, फ्लोरिडाच्या सीमेजवळ कंबरलँड नावाचं बेट आहे. लांबी सुमारे २८ किलोमीटर. या बेटाच्या दक्षिण टोकावर एकाच जागी, एकाच नावाचे दोन वाडे एकामागून एक उभे राहिले आणि दोन्ही आगीत गेले. पहिला १८६६ मध्ये, दुसरा १९५९ मध्ये. आज उभ्या दिसतात त्या दुसऱ्याच्या भिंती आणि धुरांडी. नाव डंजनेस.

बेटावर जायला पूल नाही. सेंट मेरीज गावाच्या धक्क्यावरून बोट सुटते आणि पाऊण तासात पोचवते. दिवसाला मोजक्याच माणसांना परवानगी असते. बेटावर दुकान नाही, हॉटेल म्हणावं असं एकच आणि तेही पाहुण्यांपुरतं; खाणं आपलं आपण न्यायचं आणि कचराही आपला आपण परत आणायचा. जॅक्सनव्हिलला मुलगी-जावई असतात, त्यांच्याबरोबर आम्ही दोघं आणि नात असे निघालो, तेव्हा हिने दशम्या, लसणाची चटणी आणि उकडलेली अंडी असा जामानिमा बांधून घेतला होता. वाटेत किंग्ज बे इथला अमेरिकी नौदलाचा अण्वस्त्रधारी पाणबुड्यांचा तळ लागतो. नात सगळा वेळ कठड्याला चिकटून पाणबुडी कधी वर येते याची वाट पाहत होती. नाही आली.

धक्क्यावरून वाड्याकडे जाणारा रस्ता ओकच्या म्हाताऱ्या झाडांखालून जातो. फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर गेलेल्या आणि त्यांवरून राखाडी जटा लोंबत असतात. त्यांना तिकडे शेवाळ म्हणतात, पण ते शेवाळ नव्हे, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. झाडी संपते आणि समोर मोठं मोकळं गवत, त्यापलीकडे छप्पर नसलेला, आरपार आकाश दिसणारा वाडा. गवतावर घोडे चरत असतात. बेटावर असे दीडएकशे तरी घोडे मोकाट आहेत. स्पॅनिश लोकांनी आणले अशी हौशी कथा सांगितली जाते. प्रत्यक्षात बहुतेक घोडे गेल्या शतकातल्या पाळीव घोड्यांचे वंशज आहेत. त्यांना कुणी खायला घालत नाही, औषधपाणीही करत नाही. काहींच्या बरगड्या मोजता येतात. फोटोत ते छान दिसतात एवढंच.

वाड्याच्या आत जाता येत नाही, कुंपण घातलेलं आहे. बाहेरून चक्कर मारायची. दगड-विटांच्या कमानी, जिने होते तिथल्या खाचा, वरच्या मजल्यावरची शेकोटी अधांतरी राहिलेली. खोल्या ५९ होत्या असं सांगतात. या संख्येचा प्रवाशांवर फार परिणाम होतो. उद्यानखात्याचा गणवेश घातलेल्या मार्गदर्शक बाईंनी ती सांगताच आमच्या घोळक्यातून कौतुकाचा सुस्कारा उमटला. नातीने मात्र शेजारच्या एका लांबट इमारतीकडे बोट केलं. ती धुलाईघराची होती. “आजोबा, एवढ्या लोकांचे कपडे कोण धुवायचं?” या लेखात वाड्यापेक्षा त्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

डंजनेस हे नाव इंग्लंडमधल्या केंटच्या किनाऱ्यावरून आलेलं. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक जेम्स ऑगलथॉर्प याने या टोकावर फोर्ट विल्यम हा किल्ला बांधला, त्या काळापासून ते चालत आलं. त्याच्या आधी स्पॅनिश मिशनरी होते आणि त्यांच्याही आधी, हजारो वर्षं, तिमुकुआ लोक. तिमुकुआंनी मागे ठेवले ते कालवांचे शिंपले. पिढ्यान्‌पिढ्या कालवं खायची आणि शिंपले टाकायचे. त्याच्या टेकड्या झाल्या. पहिला डंजनेस अशाच एका टेकाडावर बांधला गेला.

तो बांधला कॅथरिन ग्रीन या बाईने. तिचा पहिला नवरा नथॅनिएल ग्रीन हा अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातला वॉशिंग्टनच्या विश्वासातला सेनापती. सैन्याला कपडे-अन्न पुरवताना त्याने स्वतःच्या नावावर कर्ज करून घेतलं आणि ते फेडण्यासाठी या बेटावरच्या ओकच्या लाकडाकडे डोळे लावले. १७८६ मध्ये तो उन्हाच्या झळीने गेला. सव्हानाजवळच्या मलबेरी ग्रोव्ह या कॅथरिनच्या मळ्यावर १७९३ मध्ये ईलाय व्हिटनी नावाचा तरुण राहिला होता. त्याने तिथेच सरकी काढण्याचं यंत्र तयार केलं. त्याचा भागीदार फिनिअस मिलर पुढे कॅथरिनचा दुसरा नवरा झाला. या यंत्राने आखूड धाग्याच्या, सरकीला चिकटून बसणाऱ्या कापसाचं पीक एकदम फायद्याचं झालं आणि त्यापाठोपाठ अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीही फोफावली. गंमत म्हणजे कंबरलँडवर पिकणाऱ्या लांब धाग्याच्या कापसाला हे यंत्र उपयोगाचं नव्हतं, त्याचे दात धागा तोडत. तो कापूस दोन लाटांमधून ओढणाऱ्या चरकीवरच सरकला जाई, म्हणजे आपल्याकडे शतकानुशतकं चालत आली त्याच तत्त्वावर.

१८०३ च्या सुमारास चार मजली वाडा उभा राहिला. पायाशी भिंतींची जाडी सहा फूट. बांधकाम ज्या पद्धतीचं, तिला तिकडे ‘टॅबी’ म्हणतात. शिंपले आणि लाकूड यांचे थर रचून भट्टी लावायची. शिंपले भाजून चुना झाला की तो विरवायचा, त्यात तितकीच वाळू, तितकेच अख्खे शिंपले आणि पाणी मिसळायचं. फळ्यांच्या साच्यात हे मिश्रण हातभर उंचीच्या थरांनी ठोकून भरायचं, वाळलं की फळ्या उचलून वर लावायच्या आणि पुढचा थर. वरून गिलावा, कारण शिंपल्यांच्या सापटींतून पाणी झिरपतं. दगड नसलेल्या किनाऱ्यावर दगडाचं काम करणारी ही युक्ती आहे. शिंपले नव्याने गोळा करायचे नव्हतेच, तिमुकुआंच्या टेकड्या तयार होत्या. शिवाय कित्येक शतकांच्या पावसाने त्यांतला खार धुऊन निघालेला, त्यामुळे चुनाही चांगला.

वाड्यापासून हाकेच्या अंतरावर या पद्धतीचं एक लहानसं घर अजून धडधाकट उभं आहे. साधारण १८०० सालचं, म्हणजे दोन्ही वाड्यांच्या आधीचं आणि नंतरचंही. टॅबी हाउस म्हणतात त्याला. गिलावा जिथे उडाला आहे तिथे भिंतीत शिंपले दिसतात. हिचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिने भिंतीजवळ डोळे नेले आणि म्हणाली, “अगं बाई, ही तर कालवं!” मग मुलीला आणि नातीला गावच्या चुन्याच्या भट्टीची गोष्ट ऐकावी लागली. कोकणात आणि गोव्यात शिंपल्यांचा चुना घरांना, देवळांना, चर्चना वापरला गेला आहे; फक्त आपल्याकडे जांभा हाताशी होता, म्हणून अख्ख्या भिंती शिंपल्यांच्या कराव्या लागल्या नाहीत.

भट्टी लावणं, चुना विरवणं, मिश्रण ठोकणं, हे सगळं काम गुलामांचं. वाड्याच्या इतिहासात त्यांची नावं जवळजवळ सापडत नाहीत. एक सापडतं, ते नेड सिमन्सचं. १८१५ च्या आरंभी, ब्रिटन-अमेरिका युद्धाच्या अखेरीस, ब्रिटिश आरमाराचा अधिकारी जॉर्ज कॉकबर्न याने बेट घेतलं आणि डंजनेसमध्ये मुक्काम ठोकला. ब्रिटिशांच्या आश्रयाला येईल तो गुलाम स्वतंत्र, असं जाहीर झालं होतं. आसपासच्या किनाऱ्यावरून शेकडो माणसं बायकापोरांसह होड्यांनी बेटावर आली. डंजनेसचाच गुलाम असलेला नेड ब्रिटिशांच्या काळ्या पलटणीत भरती झाला, गणवेश घातला, बंदूक घेतली. पण तोवर युरोपात तह झालेला होता. तहातल्या कलमाचा कॉकबर्नने असा अर्थ लावला की बाहेरून आलेले ते मोकळे, पण जे मुळात याच बेटावरचे, ते मालकाची मालमत्ता म्हणून परत करायचे. बाहेरची माणसं जहाजांनी बर्म्युडा, नोव्हा स्कोशिया, त्रिनिदादकडे गेली. नेडचा गणवेश उतरवून त्याला डंजनेसला परत पाठवण्यात आलं. पुढे जवळजवळ अर्धं शतक तो गुलामच राहिला. यादवी युद्धात उत्तरेची फौज आली तेव्हा तो शंभरीच्या घरात होता. सुटका झाल्यावर पलीकडच्या फर्नांडिना गावात त्याने अक्षरं गिरवायला घेतली. थोड्याच काळात तो वारला.

या यादवीचा आपल्याशी संबंध आहे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरचा जो उन्माद माजला आणि १८६५ मध्ये कोसळला, त्याच्या एका टोकाला हे असे किनारे होते. बेटावरचे बहुतेक मळेवाले पळून गेले. युद्ध संपल्यावर वर्षभरात वाडा जळाला.

आवारातल्या छोट्या कबरस्तानात कॅथरिन आहे. तिथे हेन्री ली याच्या नावाचाही दगड आहे. स्वातंत्र्ययुद्धातला हा घोडदळाचा नामांकित सरदार उतारवयात कर्जबाजारी आणि आजारी होऊन वेस्ट इंडीजहून परतत होता. जुन्या सेनापतीच्या, म्हणजे नथॅनिएल ग्रीनच्या, मुलीच्या घरी मला उतरवा, असं त्याने जहाजाच्या कप्तानाला विनवलं आणि मार्च १८१८ मध्ये तो इथेच वारला. दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली हा त्याचा मुलगा. १९१३ मध्ये हेन्रीच्या अस्थी व्हर्जिनियाला नेल्या. दगड तेवढा राहिला.

दुसरा वाडा कार्नेगींचा. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचा धाकटा भाऊ आणि भागीदार थॉमस याने १८८१ मध्ये जागा घेतली, १८८४ मध्ये काम सुरू केलं आणि १८८६ मध्ये, वाडा नीट भोगण्याआधीच, तो न्यूमोनियाने गेला. मागे बायको लूसी आणि नऊ मुलं. खरा वाडा तिने घडवला. तिने बेटाचा नव्वद टक्के भाग विकत घेतला, वाडा वाढवत नेला, पोहण्याचा तलाव आणि खेळांच्या खोल्या असलेली वेगळी इमारत बांधली, मुलांना बेटावरच बंगले बांधून दिले. स्वतःची वाफेवरची नौका बाळगली आणि १८९४ मध्ये न्यूयॉर्क यॉट क्लबची पहिली स्त्री सभासद झाली. भरभराटीच्या काळात २०० च्या आसपास माणसं इथे कामाला होती. नातीच्या प्रश्नाचं उत्तर ते. धुलाईघर, बर्फाचं कोठार, गाड्यांची पागा, सुतारशाळा, भाज्यांचे मळे: वाडा म्हणजे एक छोटं गावच होतं आणि गावातले पुष्कळसे कामकरी आदल्या पिढीतल्या गुलामांची मुलं-नातवंडं होते.

लूसी १९१६ मध्ये वारली. तिने मृत्युपत्रात घालून ठेवलं होतं की आपलं एकही मूल जिवंत आहे तोवर बेट विकायचं नाही. मुलांना एवढा पसारा पेलेना. पुढे वाडा वापरातच राहिला नाही. १९५९ मध्ये तो पेटला. चोरून शिकार करणाऱ्या एकाला राखणदाराने पायात गोळी घातली होती, त्याने सूड घेतला अशी बोलवा आहे. १९६२ मध्ये शेवटची मुलगी गेली आणि विश्वस्त व्यवस्था संपली. काही वारसांनी आपला वाटा चार्ल्स फ्रेझर या बांधकाम व्यावसायिकाला विकला. शेजारच्या साउथ कॅरोलिनामधल्या हिल्टन हेड बेटावर गोल्फची मैदानं आणि बंगल्यांच्या वसाहती उभारणारा हाच माणूस. तेव्हा उरलेले वारस, पर्यावरणवादी आणि सरकार यांची जुळवाजुळव झाली आणि १९७२ मध्ये कायदा होऊन कंबरलँड राष्ट्रीय सागरकिनारा झाला.

हे कबूल करायला हवं: लूसीच्या हट्टामुळे आज या बेटावर मैलोन्‌मैल मोकळी वाळू आहे आणि समुद्री कासवं अंडी घालायला येतात. पण बेट वाचवल्याचं श्रेय तिला देताना मला थोडं अडखळायला होतं. तिने बेट जगासाठी राखलं नव्हतं, मुलांसाठी राखलं होतं. जगाच्या वाट्याला ते आलं ते मुलांना जमलं नाही म्हणून.

उत्तर टोकाला मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेली वस्ती होती. १८९३ मध्ये त्यांनी चर्च स्थापन केलं. आजची पांढरी, लाकडी, एकाच खोलीची इमारत १९३० च्या दशकातली. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा जॉन केनेडी धाकटा याने इथे गुपचूप लग्न केलं, त्यामुळे ती जगाला माहीत झाली. लोक बहुधा त्याचसाठी जातात. बेटाच्या मध्यावर स्टॅफर्ड नावाच्या जुन्या मळ्यात नुसत्या धुरांड्यांच्या रांगा उभ्या आहेत. गुलामांच्या खोपटांची ती धुरांडी. खोपटं गेली, चुली राहिल्या. आम्हाला हे सगळं धावतपळत पाहावं लागलं, कारण परतीची बोट कुणासाठी थांबत नाही.

कुणी त्या बाजूला जाणार असेल तर हिवाळ्यात किंवा वसंताच्या आरंभी जावं, उन्हाळ्यात डास आणि उकाडा नको करतात. बोटीची जागा आधी राखून ठेवावी लागते. उद्यानाची गाडी उत्तर टोकापर्यंत फेरी मारते, तिच्यात धुरांडी, चर्च आणि कार्नेगींचा शाबूत असलेला प्लम ऑर्चर्ड बंगला होतो. लहान मुलं-म्हातारी माणसं बरोबर असतील तर तीच घ्यावी. आणि पडका वाडा पाहून फोटो झाले की लगेच समुद्राकडे वळू नये. टॅबी हाउस वाटेवरच आहे, फाटक-तिकीट काही नाही, पाच मिनिटं लागतात.