चांदा शोधा, गडचिरोली सापडेल

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० ची. १९९३ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात जनगणनेचे खंड, दुष्काळ आयोगांचे अहवाल, जमीनमहसुलाची जुनी कागदपत्रे असा सरकारी प्रकाशनांचा मोठा साठा आहे. हक्क संपलेली बरीच पुस्तके ग्रंथालयाने स्कॅन करून सर्वांसाठी खुली केली आहेत. भामरागडच्या विद्यार्थ्याला त्यासाठी पुण्याची गाडी धरावी लागत नाही. हे काम मला फार मोठे वाटते.

अडचण येते ती शोधताना. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ साली. त्यामुळे हे नाव घालून जुने गॅझेटियर मिळणार नाही. ते मध्य प्रांताच्या मालिकेत ‘चांदा’ नावाने १९०९ साली निघाले. बुलढाण्याची माहिती १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरमध्ये आहे, तर बीडसाठी निजामाच्या राज्याचे दप्तर चाळावे लागते. कॅम्पबेलने संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या मालिकेत यातले काहीच नाही. तिथे पुण्याला मात्र अठराव्या खंडाचे तीन भाग मिळाले आहेत. आपला जिल्हा त्या वर्षी कोणाच्या अमलाखाली होता, हे आधी ठरवावे आणि मगच शोधाला लागावे.

दुसरी गाठ लेखकाच्या नावाची. ‘दांडेकर समितीचा अहवाल’ आपण सगळेच म्हणतो. वि. म. दांडेकर याच संस्थेचे एकेकाळचे संचालक. पण १९८४ चा तो अहवाल प्रादेशिक असमतोलाविषयीच्या सत्यशोधन समितीचा आहे, आणि ग्रंथालयांच्या रीतीप्रमाणे अशा अहवालाचा कर्ता म्हणून शासनाची किंवा समितीची नोंद होते. अध्यक्षांचे आडनाव टाकून काही हाती लागले नाही, तर खाते, समितीचे पूर्ण नाव आणि वर्ष टाकून पाहावे.

घरी बसून शिकणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही. शेजारी बसून दोन मिनिटांत वाट दाखवणारा ग्रंथपाल त्यांच्या वाट्याला येत नाही आणि ती ‘काहीच उपलब्ध नाही’ असे समजून विषयच बदलतात. म्हणून विद्यापीठांच्या ग्रंथपालांना विनंती आहे: जुन्या अहवालांच्या नोंदीत आजच्या जिल्ह्याचे नावही घाला. आणि विद्यार्थ्यांनो, अडलात तर जिल्हा, साल आणि विषय लिहून आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला सरळ ईमेल करा. उत्तर देणे हे त्यांचे कामच आहे.